नव्या बुटांचा वास जाता जात नाही, काय करू?

रानवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी चालायला नवे बूट घेतले. पायात इतके चपखल बसले की काढावेसे वाटेनात. टाच घासत नाही, चवड्याकडे बोटं मोकळी हलतात, घोट्याला आधार आहे. असे बूट मिळायला मला फार दिवस लागले, हे आधीच सांगते, म्हणजे "टाकून द्या" असं कुणी म्हणणार नाही.

घरी येऊन खोका उघडला आणि भपकाराच आला. पहिल्या रात्री आत पावडर भुरभुरली. दुसऱ्या दिवशी सुगंधी फवारा मारला. तिसऱ्या दिवशी खायचा सोडा घातला, खोक्याचं झाकण लावलं आणि खोका कपाटात ठेवला. आज कपाट उघडलं तर कपड्यांनाही तोच वास. फुलांचा सुगंध वर, आणि खाली मूळ वास जसाच्या तसा. नवऱ्याचं डोकं चढतं. मुलगी म्हणते, बूट तरी बाहेर ठेव, नाहीतर मला तरी.

बारा दिवसांनी चार दिवसांच्या पायी भटकंतीला निघायचं आहे, त्याआधी बूट पायात सरावायला हवेत. हा वास नेमका कशाचा? घालवायचा कसा? तब्येतीला वाईट असतो का? आणि परत करायचे झाले तर किती दिवस वाट पाहून करावेत?

उन्हाळी

सरळ उन्हात ठेवा. दोन दिवस कडक ऊन दिलं की सगळे वास पळतात. आमच्या घरी गाद्या, उशा, बूट, सगळ्यांना हेच औषध.

सरळरेषा

एवढं काय त्यात? घालून फिरा. आठवड्याभरात जातो आपोआप.

टाकेटोचे

रानवाट, कृपा करून उन्हात ठेवू नका. बूट बनवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, म्हणून कळकळीने सांगतो.

आजच्या बहुतेक चालण्याच्या बुटांचा सोल शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो. कारखान्यात सोल आणि वरचा भाग दोन्हींना सोल्युशन लावतात, ते सुकवतात, मग उष्णता देऊन मऊ करतात आणि दाबून बसवतात. उष्णतेने चिकटलेली गोष्ट उष्णतेनेच पुन्हा सैल होते. बंद गाडीत किंवा तापलेल्या फरशीवर राहिलेला बूट माझ्याकडे येतो तेव्हा पुढून आ वासलेला असतो. एकदा एकांनी नवे कोरे बूट आणले. डावा उन्हात होता, उजवा भिंतीच्या सावलीत. डावा उजव्यापेक्षा डोळ्यांना दिसेल इतका आखडला होता. मधला फोमचा थर उन्हाने आकसतो, तो पुन्हा ताणता येत नाही. बूट टाकावे लागले. एका दुपारीत.

हेअर ड्रायर, हीटर, ओव्हन यांचीही तीच गत. बुटाला वारा द्या, आच देऊ नका.

उन्हाळी

टाकेटोचे, मी वर्षानुवर्षं उन्हातच ठेवत आलो आहे. एकाही बुटाचा सोल सुटलेला नाही. उगाच घाबरवू नका.

टाकेटोचे

कुठले बूट वापरता? कापडी, खाली सपाट रबरी सोल असलेले?

उन्हाळी

हो, तेच. दुसरे कधी घेतलेच नाहीत.

टाकेटोचे

मग तुमचाही अनुभव खरा आहे. त्या बुटांत रबरी सोल आणि कापड एकत्र करून सबंध बूट भट्टीत शंभर अंशांच्या वर तापवतात, रबर तिथेच पक्कं होतं. त्या सोलला उन्हाची आच काहीच नाही. रंग मात्र विटेल आणि बऱ्याच काळाने रबराला चिरा पडतील. रानवाटांचे बूट त्या जातीचे नाहीत.

उन्हाळी

हे माहीत नव्हतं. सल्ला मागे घेतो. रानवाट, सावलीतच ठेवा.

मूलद्रव्य

मी रसायनशास्त्र शिकवते. मला आधी एक विचारायचं आहे: वास *कसला* येतो?

"वास येतो" एवढ्यावर उपाय सांगता येत नाही, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. आपल्या भाषेत वासांना इतके नेमके शब्द आहेत की निम्मं निदान शब्दातच होतं.

उग्र, नाकात चढणारा, पेट्रोल किंवा रंगाच्या डब्यासारखा वास असेल तर तो चिकटवणाच्या सोल्युशनमधल्या द्रावकांचा, म्हणजे गोंद पातळ ठेवणाऱ्या आणि सहज उडून जाणाऱ्या द्रवांचा. टोल्युइन, एसीटोन, इथाइल एसिटेट, मिथाइल इथाइल कीटोन अशी मंडळी त्यात असतात. नव्या टायरसारखा जडसर वास रबराचा. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये कच्चं रबर गंधकाबरोबर तापवलं, तेव्हापासून रबर टिकाऊ झालं आणि तो वासही सोबत आला. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून घालतात त्या रसायनांचा वास त्यात बराच असतो. वशट, मासळीसारखा वास असेल तर फोम फुगवताना वापरलेल्या अमाइनांचा (अमोनियाच्या जातीची रसायनं), किंवा चामड्यात मुरवलेल्या तेलाचा. कुबट असेल तर बूट कुठेतरी ओलीत पडून होते, बुरशी शोधा. आणि आंबूस असेल तर बूट नवे नाहीत, आधी कुणाच्या तरी पायात जाऊन आलेत.

या पाचांना पाच वेगळे उपाय आहेत. तेव्हा नाक जवळ नेऊन (फार जवळ नको) एकदा सांगा.

अबोली

मूलद्रव्य, वाचनखूण साठवली! खवट, करपट, कोंदट, जळकट हेही घ्या. आणि चांगल्या बाजूला दरवळ, परिमळ, घमघमाट. एका नाकाला किती शब्द दिलेत आपल्या लोकांनी.

रानवाट

सगळ्यांचे आभार. मूलद्रव्य, पहिल्या दिवशीचा भपकारा नक्कीच उग्र, पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखा. आता त्यात एक गोडसर वासही आहे, पण तो माझ्या फवाऱ्याचा असावा. कुबट अजिबात नाही.

टाकेटोचे

सुखतळा काढून पाहिलात का?

रानवाट

सुखतळा म्हणजे आतली गादी ना? ती निघते?

अबोली

सुखतळा! किती दिवसांनी हा शब्द डोळ्यांपुढे आला. आमचे आजोबा "सुखतळा बदलून आण" म्हणायचे. तळव्याला सुख देतो तो सुखतळा. आता सगळे इनसोल म्हणतात.

टाकेटोचे

आमच्या कामात अजून सुखतळाच म्हणतो. रानवाट, टाचेकडून नख घालून हळूच उचला. बहुतेक बुटांत तो नुसता बसवलेला असतो किंवा टाचेपाशी एक ठिपका लावलेला असतो. जोर लावावा लागला तर थांबा, म्हणजे तो पक्का चिकटवलेला आहे.

रानवाट

काढला! आणि आता काय पाहिलं ते सांगते.

सुखतळा उचलल्याबरोबर पहिल्या दिवशीचा तोच भपकारा. खाली पाठीच्या कण्यासारखी एक शिवण आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना पिवळट गोंदाचे फराटे. कडेला जिथे गोंद जाड साचलाय तिथे बोट टेकवलं तर किंचित चिकट लागलं आणि बोटालाही वास राहिला. सोडा तर सुखतळ्याच्या खाली गेलेलाच नव्हता, वरच खडे होऊन बसला होता. म्हणजे मी झाकणावर औषध लावत होते. चवड्याच्या टोकात कागदाचा बोळा आणि एक छोटी पुडी होती, तीही आत्ता सापडली.

टाकेटोचे

सापडला तुमचा वास. गोंदाचा पातळ फराटा तासाभरात सुकतो. जिथे तो जाड साचतो तिथे वरून साय धरते आणि आतलं द्रावक त्या सायीखाली अडकून हळूहळू बाहेर येत राहतं. त्यात खोका बंद, कपाट बंद. जाणार कुठे?

आता असं करा. नाड्या पूर्ण काढा. जीभ पुढे ओढून बूट जितका उघडता येईल तितका उघडा. सोडा आणि पावडर कोरड्या ब्रशने झटकून काढा, पाण्याने धुऊ नका, सोडा ओला झाला की पांढरे डाग धरतो. बूट आडवे ठेवा, तोंड पंख्याकडे. सुखतळे वेगळे, उभे करून. खिडकी उघडी, माणसं झोपतात ती खोली नको. दिवसातून एकदा बूट दुसऱ्या कुशीवर वळवा. पहिले तीन दिवस एवढंच. फवारा नाही, पावडर नाही, काही नाही.

घोटीव

सोड्याला एवढं नावं ठेवू नका हो. मी पळायला जातो, माझ्या बुटांना येणारा वास सोड्याने एका रात्रीत जातो. दर आठवड्याला करतो. खात्रीचा उपाय आहे.

मूलद्रव्य

घोटीव, तुमच्या बुटांसाठी तो खात्रीचाच आहे. आपल्या दोन्ही पावलांत मिळून सुमारे अडीच लाख घामग्रंथी असतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, पण त्वचेवरचे जिवाणू घाम आणि मृत त्वचेवर जगतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी आम्लं तयार होतात. तो आंबूस वास. सोडा अल्कधर्मी, तो आम्लाला गाठतो, त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. वास संपला.

टोल्युइन किंवा एसीटोन मात्र आम्ल नाहीत. सोडा त्यांच्या शेजारी रात्रभर बसून राहिला तरी दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. जुन्या बुटांचा उपाय नव्या बुटांना लावला जातो तो वास या एका शब्दामुळे.

व्हिनेगरचंही असंच. ते स्वतः आम्ल आहे, म्हणून वशट, अमोनियासारख्या वासावर चालतं. उग्र वासावर नाही. आणि सोडा व व्हिनेगर एकत्र घालू नका. फेस येतो, छान दिसतं, पण दोघं एकमेकांनाच संपवतात.

घोटीव

समजलं. मग नव्या बुटांना घरात ठेवून करण्यासारखं काहीच नाही का? सगळ्यांकडे पंखा आणि रिकामी खोली असतेच असं नाही.

मूलद्रव्य

आहे. सक्रिय कोळसा, म्हणजे अॅक्टिव्हेटेड चारकोल. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या छिद्रांचं क्षेत्रफळ पाचशे ते हजार चौरस मीटर आणि कधी त्याहून जास्त भरतं, आणि द्रावकांची वाफ त्या पृष्ठभागाला चिकटून बसते. कापडी पुरचुंड्यांत मिळतो. साधा जळणाचा कोळसा थोडंफार करतो, पण त्याची बरोबरी होत नाही, शिवाय बूट काळे होतात.

रानवाट, तुम्हाला मिळालेली पुडी बहुधा सिलिका जेलची असेल. ती ओलावा धरते, त्यामुळे बुरशी टळते. वासावर तिचा फार उपयोग नाही.

वाटसरू

कोळशाबद्दल माझा अनुभव जोडतो. नुसत्या कोळशाने माझं काम झालं नव्हतं, कारण मी बूट उघड्यावर ठेवून आत पुरचुंडी टाकली होती. उघड्या खोलीत कोळसा अख्ख्या खोलीची हवा ओढतो. मग दिवसा पंखा आणि रात्री डब्यात बूट, कोळसा आणि घट्ट झाकण, असं आलटून पालटून केलं. सहा दिवसांत फरक पडला. दिवसा वास बाहेर जातो, रात्री उरलासुरला कोळसा धरतो. कोळसा मात्र भरतो, कायमचा पुरत नाही.

दुपारतिपार

मी ऐकलंय की बूट पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले की वास जातो. कुणी केलंय?

मूलद्रव्य

नव्या बुटांना तो उलटा उपाय आहे. थंडीत वाफ होण्याचा वेग मंदावतो. बाहेर काढल्यावर वास कमी वाटेल, बूट गरम झाले की परत येईल. घामाच्या वासावर तरी चालतो का, तर घरच्या फ्रीजरमध्ये बहुतेक जिवाणू मरत नाहीत, नुसते निपचित पडतात.

दुपारतिपार

बरं झालं विचारलं.

आजोबा७२

सरळरेषा यांनी लिहिलं, "एवढं काय त्यात?" रागावून नाही लिहीत, पण या वाक्यावर मला बोलायचं आहे.

नव्या बुटांचा वास मला लहानपणी अतिशय आवडायचा. वर्षातून एकदा बूट मिळायचे आणि पहिल्या रात्री ते उशाशी घेऊन झोपायचो. त्या वासात नवा वर्ग, नव्या वह्या, सगळं असायचं. अजूनही तो वास आला की मी क्षणभर थांबतो.

पण काही वर्षांपूर्वी पत्नीचे कर्करोगाचे उपचार चालू होते. तेव्हा तिला कुठलाही वास सोसायचा नाही. साबण, भाजी, धुतलेल्या चादरी, काहीही. त्याच काळात मी नवे बूट घेतले आणि दारातच सोडले. आतल्या खोलीत तिला उलट्या सुरू झाल्या. मला तर तो वास जाणवतही नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात नवी वस्तू, मग ती बूट असो की पडदा, आठवडाभर बाहेर राहते आणि मगच आत येते. ती आता बरी आहे, तरी हा नियम आम्ही मोडलेला नाही.

एका नाकाला जी आठवण आहे ती दुसऱ्या नाकाला त्रास असू शकते. घरातल्याने "डोकं चढतं" म्हटलं तर ते खरं मानावं.

सरळरेषा

आजोबा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी फक्त माझ्या नाकाचा विचार केला. काकूंना नमस्कार सांगा.

अबोली

+१ आजोबा. आणि "मला जाणवतही नव्हता" याला कारण आहे. एकाच वासात काही मिनिटं राहिलं की नाक तो दाखवणं बंद करतं. म्हणून वास गेला की नाही हे बूट घेऊन बसलेल्या माणसाने ठरवू नये. बाहेर पंधरा मिनिटं चालून यावं आणि दार उघडताक्षणी जे जाणवेल ते खरं. किंवा बाहेरून आलेल्याला विचारावं. रानवाट, तुमच्याकडे मुलगी आहेच परीक्षक.

झाकोळ

तब्येतीचा प्रश्न मागे राहिला, तो घेते. मी त्वचारोग विभागात काम करते.

वास किती उग्र आहे यावरून धोका किती ते ठरत नाही. काही पदार्थ नाकाला अगदी अत्यल्प प्रमाणातही कळतात आणि त्या प्रमाणात अपाय करत नाहीत, तर काहींना वासच नसतो. हवेशीर जागेत एका जोडीच्या वासाने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. बंद खोलीत डोकं दुखणं, घसा खवखवणं, डोळे चुरचुरणं होऊ शकतं. दमा असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी त्या खोलीत झोपू नये.

आमच्याकडे बुटांमुळे येणारी माणसं वासाची नसतात, पुरळाची असतात. पावलाच्या वरच्या भागावर, दोन्ही पायांना सारखं, खाजरं आणि बुटाच्या आकाराचं पुरळ. कारण बहुतेक वेळा चिकटवणातलं एक फॉर्माल्डिहाइड राळ, रबरातली रसायनं किंवा चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम. घामाने ते सुटतं आणि त्वचेत जातं. म्हणून नवे बूट पहिले काही दिवस अनवाणी पायात घालू नका. जाड, कोरडे मोजे घाला आणि ओले झाले की बदला.

पुड्यांबद्दलही सांगते. बुरशी लागू नये म्हणून एके काळी बुटांच्या खोक्यांत डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या टाकत. त्याने लोकांची त्वचा भाजल्यासारखी होई. युरोपीय संघाने २००९ मध्ये त्यावर बंदी आणली. सिलिका जेलला हा दोष नाही, पण कुठलीही पुडी फोडू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पारिजात

थोडं अवांतर. माझे बूट चामड्याचे आहेत आणि वास मूलद्रव्य म्हणतात तसा वशट आहे. व्हिनेगर लावू का?

टाकेटोचे

चामड्याला व्हिनेगर सरसकट लावू नका, रंग उडतो. चामडं कमावल्यावर ते मऊ राहावं म्हणून त्यात तेल मुरवतात. त्यात मासळीचं तेलही वापरात आहे. ते नीट मुरलं नसेल किंवा खवट झालं असेल तर असा वास येतो. मऊ कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आतून पुसा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. असं तीनचारदा, मध्ये दोन दोन दिवस सोडून. वरून आणखी तेल किंवा पॉलिश आत्ता नको, वास आत कोंडला जाईल. सोडाही चामड्यात घालू नका, ते कोरडं पडतं.

पारिजात

धन्यवाद. करून पाहते.

रानवाट

चार दिवसांनी लिहिते आहे. पंख्यासमोर तीन दिवस झाले. बुटांचा भपकारा बराच उतरला आहे. कोळशाच्या पुरचुंड्या आणल्या आणि वाटसरू म्हणतात तसं रात्री डबा, दिवसा पंखा. पण एक कोडं आहे: दार उघडताच येणारा वास अजून संपलेला नाही. उग्रपणा कमी, गोडसरपणा तसाच.

मूलद्रव्य

छान, आता एक छोटा प्रयोग करा. सुखतळे एका काचेच्या बरणीत, नाड्या दुसऱ्या बरणीत, बूट डब्यात, तिन्ही झाकणं लावून रात्रभर. सकाळी एकेक उघडून वास घ्या, मध्ये बाहेर चक्कर मारून या. प्लास्टिकची पिशवी वापरू नका, तिला स्वतःचा वास असतो.

रानवाट

प्रयोग झाला आणि मी थक्क आहे.

नाड्या: काही नाही. बूट: अगदी थोडा गोंदाचा वास, मुलगी म्हणाली "चालेल". सुखतळ्यांची बरणी उघडली आणि दोघीही मागे झालो. गेले तीन दिवस बूट वाऱ्याला होते आणि सुखतळे मी बाजूच्या खुर्चीवर एकावर एक ठेवून दिले होते. खरा वास तेच धरून बसले होते.

काल ते थंड पाणी आणि सौम्य साबणाने धुतले, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं, सावलीत वाळवले. फवाऱ्याचा फुलांचा वास गेला. पण एक जडसर गोड वास राहिलाच. म्हणजे तो फवाऱ्याचा नव्हताच?

मूलद्रव्य

नसावा. सुखतळ्याचा आणि मधल्या थराचा फोम बऱ्याचदा ईव्हीए नावाच्या, रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा असतो. तो पक्का करायला पेरॉक्साइड वापरतात आणि ते मोडून एसिटोफेनोन तयार होतं. त्याचा वास गोडसर, थोडा बदामासारखा. फोमच्या असंख्य बंद बुडबुड्यांतून ते बाहेर यायला वेळ लागतो, गोंदाच्या फराट्यापेक्षा जास्त.

टाकेटोचे

या सुखतळ्यांचा नाद सध्या सोडा. जुन्या बुटांचे सुखतळे त्याच मापाचे आणि चांगल्या स्थितीत असतील तर धुऊन ते घाला, नाहीतर वेगळे विकत मिळतात. जाडी मात्र सारखी हवी, नाहीतर टाच वर येईल आणि घासेल. नवे सुखतळे खिडकीत दोरीला चिमट्याने टांगून ठेवा, महिन्याभराने पाहा.

आणि परत करण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं. दोन आठवडे वारा देऊनही बुटाचा वास जराही उतरला नाही, किंवा घातल्यावर पुरळ आलं, तर परत करावेत. तोपर्यंत घराबाहेर घालू नयेत, सोल मळला की दुकानदार घेत नाही. तुमचे उतरलेत. ठेवा.

रानवाट

ठेवले! जुने सुखतळे घातले, जाडी जुळली. आज तासभर घरात, उद्यापासून बाहेर. मुलीने खोलीत परत येऊ दिलं.

आजोबा७२

शाब्बास. भटकंती सुखाची होवो.

गवतफुला

धागा वर काढते. माझ्या मुलाच्या पावसाळी बुटांना नव्या टायरसारखा वास आहे, आतून बाहेरून सगळं रबरच. यात सुखतळाही नाही. काय करावं?

मूलद्रव्य

सबंध रबर असेल तर धुण्याची सोय आहे. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने आतून बाहेरून घासा. रबराच्या पृष्ठभागावर आलेली रसायनं बरीचशी निघतात. वाळवून वाऱ्यावर ठेवा, आठवड्याने पुन्हा. वास घालवणारी ओझोनची यंत्रं वापरू नका, ओझोनने रबराला चिरा पडतात. मुलांच्या बुटांना डांबरासारखा किंवा नॅप्थलीनच्या गोळ्यांसारखा वास असेल तर मात्र ठेवू नका. काळ्या रबरात काही बहुचक्रीय संयुगं असू शकतात, त्यातल्या कर्करोगकारक आठांवर युरोपीय संघाने २०१५ च्या अखेरीपासून त्वचेला लागणाऱ्या रबराच्या वस्तूंत किलोला १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, मुलांच्या खेळण्यांत तर त्याच्याही निम्मी.

गवतफुला

डांबरासारखा नाही, टायरसारखाच. आज घासते.

रानवाट

चार दिवसांची भटकंती करून काल परतले. बुटांनी कुठेही त्रास दिला नाही, एक फोड नाही. तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना पूर्ण भिजले, तरी सोल घट्ट आहे. टाकेटोचे, उन्हात ठेवले नाहीत त्याचे तुम्हाला मनापासून धन्यवाद.

खिडकीतले नवे सुखतळे अजून गोडसर आहेत, पण नाक जवळ नेल्याशिवाय कळत नाहीत.

आणि बूट? आज सकाळी दार उघडलं, पंधरा मिनिटं बाहेर चालून येऊन, नियमाप्रमाणे. उग्र नाही, वशट नाही, कुबट नाही. चक्क आंबूस. घोटीव, सोड्याचं प्रमाण सांगा.

घोटीव

आधी पूर्ण वाळू द्या, सुखतळे बाहेर काढून. मग प्रत्येक बुटात एक मोठा चमचा, बूट हलवून सगळीकडे पसरवा. यावेळी सुखतळ्याच्या खालीसुद्धा. रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेर नेऊन झटका. ओले असताना घालू नका, पांढरे डाग पडतात.